काटा, पाय आणि शेजारची गाडी

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्यापैकी काही जण आत्ता गाडी चालवता चालवता हे ऐकत असतील. द्रुतगती मार्गावर असाल तर एक करा. काट्याकडे न बघता मनाशी एक आकडा धरा, आपण ताशी किती किलोमीटरने चाललोय त्याचा. धरला? आता हळूच खाली बघा. माझा स्वतःचा अंदाज बहुतेक वेळा कमीच निघतो. मला वाटतं ९०, आणि काटा मजेत १०५ वर बसलेला असतो.

मी आयुष्यभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. वेग म्हणजे अंतर भागिले वेळ, हे किती हजार पोरांकडून घोकून घेतलं असेल त्याची गणती नाही. पण निवृत्तीनंतर पुणे-मुंबई खेपा वाढल्या आणि लक्षात आलं, की माणूस गाडीत बसून जो वेग धरतो तो या सूत्रात कुठेच नाही. तो धरायला लावणारे वेगळेच असतात. आपल्याला मात्र शेवटपर्यंत वाटत राहतं की पाय आपला, म्हणजे निर्णयही आपलाच.

पूर्वी निर्णय गाडीचा असायचा, आणि ती तो तोंडावर सांगायची. आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर असलेली. सत्तरच्या पुढे गेली की स्टिअरिंग थरथरायचं, मागच्या काचा वाजायला लागायच्या, आणि बाजूला बसलेल्या हिचा हात आपोआप डॅशबोर्डवर यायचा. घाट चढून खंडाळ्याला पोचलं की रस्त्याकडेला बॉनेट उघडलेल्या गाड्यांची रांग, प्रत्येकाच्या हातात पाण्याचा डबा. वेगमर्यादेची पाटी असलीच तर ती वाचायची वेळच यायची नाही. आता माझ्या मुलाच्या गाडीत १२० ला बाळ झोपतं. आवाज नाही, हादरा नाही. गाडी बोलायची थांबली आणि आम्हाला वाटलं, धोका संपला.

त्यात २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला. कळंबोली ते किवळे, साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, सहा पदरी, सिमेंट काँक्रीटचा. जुन्या रस्त्यावर वडाची झाडं अगदी डांबराला लागून असायची, आणि ५० ने जातानाही ती सपासप मागे पळायची. वेग आपल्याला समोरून कमी आणि बाजूने जास्त कळतो. डोळ्यांच्या कडेने जे सरकतं त्यावर मेंदू हिशेब करतो. द्रुतगती मार्गावर कडेचं सगळं लांब ठेवलेलं असतं, सुरक्षेसाठीच, आणि त्यामुळे मेंदूच्या हातात काही लागत नाही. शिवाय त्याला सवय फार लवकर लागते. तासभर १०० ने आलात आणि किवळ्याला उतरून गावात शिरलात, की ५० म्हणजे बैलगाडी वाटते. उतरल्यावरची पहिली दहा मिनिटं म्हणूनच मला घाटापेक्षा धोक्याची वाटतात. तिथे शाळेतून सुटलेली मुलं असतात आणि आपला पाय अजून मनाने उर्से टोलनाक्यावरच असतो.

दुसरा निर्णय शेजारच्या गाडीचा. आपण १०० ने चाललोय, मर्यादा तेवढीच आहे, सगळं नियमात. मग डावीकडून एक, उजवीकडून दोन अशा गाड्या पुढे जातात, आणि पाच मिनिटांत वाटायला लागतं की आपणच रस्ता अडवून बसलोय. कुणी हॉर्नही वाजवलेला नसतो. तरी काटा चढतो. आपण एकटे चढत नाही, आपल्यामुळे मागचाही चढतो. वर प्रत्येकाचा विश्वास असतो की इतरांपेक्षा आपला हात चांगला आहे. ओला स्वेन्सन नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या आणि स्वीडनमधल्या विद्यार्थ्यांना विचारलं, या गटात तुम्ही चालक म्हणून कुठे बसता? अमेरिकेतल्या गटात ९३ टक्के जणांनी स्वतःला वरच्या निम्म्यात बसवलं. निम्म्या जागेत ९३ टक्के! आपल्या लोकलमध्येही एवढी दाटी होत नाही. (हो, होते. माफ करा.)

आता ट्रकवाल्यांकडे येतो, कारण त्यांना शिव्या दिल्याशिवाय या विषयावरची एकही बैठक उठत नाही. बहुतेक ट्रकांना वेगनियंत्रक असतो, ८० च्या पुढे ते जाऊच शकत नाहीत. समजा एक ट्रक ७७ ने चाललाय आणि मागचा ८० ने. मागचा पुढे जायला निघतो. तासाला तीन किलोमीटरचा फरक, म्हणजे सेकंदाला मीटरभरही नाही. दोन्ही ट्रकांची लांबी आणि मधली मोकळी जागा मिळून साठेक मीटर धरा. सव्वा मिनिट लागतं, आणि तेवढ्यात दीड किलोमीटरहून जास्त रस्ता संपतो. त्यांच्या मागे अडकलेला कारवाला या सव्वा मिनिटात लालबुंद होतो. पण त्याचं नुकसान किती झालं? १०० ऐवजी ८० ने तेवढं अंतर गेला, म्हणजे चौदा-पंधरा सेकंद. हे पंधरा सेकंद तो पुढची दहा मिनिटं १३० ने गाडी हाणून वसूल करतो, चक्रवाढ व्याजासकट. माझं निरीक्षण असं आहे की रस्त्यावरचे सगळ्यात चढे वेग घाईतून कमी आणि असल्या वसुलीतून जास्त येतात.

घाईचाही हिशेब मांडून टाकू. इथेही स्वेन्सन यांनीच पुष्कळ काम केलंय. माणसाला वेग वाढवून वाचणाऱ्या वेळेचा अंदाज येत नाही. दहा किलोमीटरच्या टप्प्यात वेग ४० वरून ५० केला तर तीन मिनिटं वाचतात. तोच १०० वरून ११० केला तर तेहतीस सेकंद. वाढ दोन्हीकडे दहाचीच, आणि मनाला दोन्ही सारख्याच वाटतात. मुंबई-पुण्यात घाट सोडून ७५ किलोमीटर धरा. १०० ने गेलात तर ४५ मिनिटं, १२० ने गेलात तर साडेसदतीस. साडेसात मिनिटं मिळाली. ती पुढे वाशीच्या खाडीपुलावर जशीच्या तशी परत करावी लागतात.

आणि त्यांची किंमत? वर्गात मी एक कोडं घालायचो. दोन सारख्या गाड्या शेजारी शेजारी चालल्यात, एक १०० ने आणि एक १२० ने. अचानक पुढे रस्त्यात आडवा झालेला टँकर दिसतो. दोघंही एकाच क्षणी, सारख्याच जोराने ब्रेक दाबतात. १०० ची गाडी टँकरला अगदी टेकता टेकता थांबते. त्याच जागी १२० ची गाडी कितीने पोचते? मुलं म्हणायची २०. हुशार मुलं म्हणायची ३०. उत्तर आहे ६६. वेगाचा वर्ग करावा लागतो: १२० चा वर्ग उणे १०० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. ६६ ने टँकरवर. दरवर्षी वर्ग एकदम गप्प व्हायचा, आणि दरवर्षी त्याच संध्याकाळी तीच मुलं मोटारसायकली दामटत मला ओलांडून जायची.

गाडीचा आवाज गेला म्हणून सरकारने तो परत आणायचा प्रयत्न केला. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना वेगाची सूचना देणारं यंत्र सक्तीचं झालं. ८० ओलांडलेत की अधूनमधून टूं टूं, १२० ओलांडलेत की अखंड. कल्पना चांगली. पण ज्या रस्त्यावर कायद्याने १०० ची परवानगी आहे तिथे गाडी ८० पासूनच टोकायला लागते. त्यामुळे कान काय शिकला? की या आवाजाकडे लक्ष द्यायचं नसतं. मग १२० चा खरा इशारा येतो तेव्हा आपण रेडिओ मोठा करतो. आमच्या या केंद्राला तेवढाच श्रोता जास्त मिळतो, ती गोष्ट वेगळी.

कॅमेऱ्यांचं त्याहून बरं चाललंय असं मला वाटतं. एका जागी वेग मोजणारा कॅमेरा असला की लोक तिथे नमस्कार केल्यासारखे वाकतात आणि पुढे गेल्यावर दुप्पट उसळतात. २०२४ च्या जुलैपासून द्रुतगती मार्गावर नवी यंत्रणा सुरू झाली. ती दोन कमानींमधलं अंतर आणि ते कापायला लागलेला वेळ यांचाही हिशेब करते. म्हणजे मी पोरांना शिकवलेलं तेच सूत्र, अंतर भागिले वेळ, थेट चलान होऊन मोबाइलवर. आता माझा एक शेजारी, तुफान गाडी हाणणारा, म्हणाला, ‘सर, सोप्पंय. मधे फूड मॉलला थांबायचं, वडापाव खायचा, सरासरी खाली.’ मी म्हटलं, म्हणजे १३० ने येऊन जी मिनिटं वाचवलीस ती वडापाव खात कॅमेऱ्याला परत केलीस. तो थोडा वेळ विचारात पडला. मग म्हणाला, ‘पण वडापाव तर मिळाला ना!’

हिशेब सगळीकडे असा सोपा नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. समृद्धी महामार्ग घ्या. ७०१ किलोमीटर. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा. कारला मर्यादा १२०, पण रस्त्याची आखणी १५० साठी केलेली. इथे वेग खरोखर वेळ देतो. नागपूर-शिर्डी १०० ऐवजी १२० ने गेलात तर ५२ मिनिटं वाचतात, आणि ही काही वाशीच्या पुलावर जात नाहीत. मग १२० ने जाणाऱ्याला मी काय बोलणार? तो नियमातच आहे.

अडचण अशी की पाटी १२० म्हणते आणि रस्ता १५० म्हणतो. चालक पाटी एकदा वाचतो, रस्ता सतत वाचत असतो. मी गेल्या वर्षी नागपूरहून निघालो. पहाटेचा गारवा संपला, ऊन चढलं, आणि पुढे मैलोन् मैल एकच चित्र. वळण नाही, गाव नाही, चहाची टपरी नाही, आडवं येणारं म्हशीचं पिल्लूसुद्धा नाही. वर्धा गेलं, वाशिम गेलं. एका क्षणी मला जाणवलं की मागची वीस मिनिटं मला आठवतच नाहीत. डोळे उघडे होते, हात जागेवर होते, मी तिथे नव्हतो. याला रस्त्याचं संमोहन म्हणतात. त्यात गंमत अशी की कंटाळा आला की माणूस वेग कमी करत नाही, वाढवतो. तेवढंच काहीतरी घडल्यासारखं वाटतं. माझा काटा तेव्हा १३४ वर होता. तो मी नेला नव्हता, एवढं मी शपथेवर सांगेन, आणि कुठलंही न्यायालय ते मान्य करणार नाही. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर याच रस्त्यावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस माणसं गेली. त्यानंतर या रस्त्यावर टायर तपासणं, चालकांचं समुपदेशन हे सगळं वाढलं. गोटा झालेल्या टायरवर काँक्रीट, विदर्भाचं ऊन आणि १२० चा वेग हे तीन एकत्र आले की काय होतं ते आरटीओच्या लोकांकडून ऐकावं.

भाचा श्टुटगार्टला असतो. त्याला मी मोठ्या ऐटीत १३४ ची गोष्ट सांगितली, कारण जर्मनीत कित्येक टप्प्यांवर मर्यादाच नाही हे मला ठाऊक होतं. तो म्हणाला, ‘मामा, मर्यादा नसली तरी १३० चा सल्ला आहे, सत्तरच्या दशकापासून. सल्ल्याच्या वर गेलास आणि अपघात झाला, तर चूक दुसऱ्याची असूनही नुकसानीतला काही वाटा तुझ्या गळ्यात पडू शकतो. आणि इथे उजवीकडून ओव्हरटेक केलास तर...’ तिथे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणजे ते आपलं डावीकडून पुढे घुसणं झालं. पुढचं त्याने सांगितलं नाही, नुसता हसला. तिथल्या वेगाचं आपल्याला कौतुक असतं. तो वेग ज्या लेनच्या शिस्तीवर उभा आहे ती मात्र कुणी विमानातून बरोबर आणत नाही.

एकदा ठरवून जुन्या घाटाने उतरलो. खोपोलीच्या वर शिंग्रोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर, अशी त्याची कथा. आमच्या लहानपणी एसटीचा ड्रायव्हर असो की ट्रकवाला, इथे आला की गाडी हळू करायचा, खिडकीतून नाणं टाकायचा, हात जोडायचा आणि मग उतार धरायचा. इतक्या वर्षांनी मीही पाय उचलला, काच खाली केली आणि खिशात हात घातला. मग तो खणात घातला, मग सीटखाली. फास्टॅग आल्यापासून गाडीत सुटे पैसे ठेवतंय कोण! शेवटी गाडी बाजूला घेतली, उतरलो आणि वीसची नोट ठेवून आलो. चार मिनिटं गेली.

नमस्कार.