फ्लॉपीत शस्त्र, पुस्तकात अक्षरं

(दृश्य: स्कॅनरच्या काचेवर उपडं ठेवलेलं एक छापील पान)

हे पान जरा जवळून पाहा. अक्षरं ठसठशीत आणि सुटी सुटी. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला आकडे-अक्षरांची एक खूण. रिकामी जागासुद्धा बारीक चिन्हाने दाखवलेली. हे पान स्कॅनरने वाचावं म्हणून छापलंय. वाचताना एखादं अक्षर चुकलं, तर ओळीपुढची खूण जुळत नाही आणि चूक लगेच सापडते.

अशी सहा हजारांहून जास्त पानं १९९७ साली अमेरिकेतून युरोपात गेली. पुस्तकं म्हणून, उघडपणे. तिथे स्वयंसेवकांनी ती एकेक करून स्कॅन केली, खुणा जुळवत दुरुस्त केली, आणि त्यातून एक चालतं सॉफ्टवेअर पुन्हा उभं राहिलं. त्याचं नाव पीजीपी, ईमेलला कुलूप घालणारा प्रोग्रॅम. हाच मजकूर फ्लॉपीत भरून विनापरवाना पाठवला असता, तर तो गुन्हा होता.

(दृश्य: जुना संगणक, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं)

गोष्ट सुरू होते १९९१ मध्ये. अमेरिकेच्या सिनेटपुढे एक विधेयक आलं होतं. सरकारने मागितला तर कोणत्याही संदेशाचा मूळ मजकूर मिळायला हवा, अशी सोय संदेशयंत्रणांमध्ये असावी, असा त्याचा रोख. कोलोराडोतल्या बोल्डरचे प्रोग्रॅमर फिल झिमरमन अस्वस्थ झाले. ईमेल म्हणजे पोस्टकार्ड, वाटेत कुणीही वाचावं. मग साध्या माणसाला बंद पाकीट का मिळू नये, असा त्यांचा सवाल होता. आपल्याला तो वेगळा समजावून सांगायला नको. घरातलं नाजूक काही कळवायचं तर आपल्याकडे आंतर्देशीय पत्रच आणलं जायचं, कार्डावर कुणी लिहीत नसे.

जूनमध्ये त्यांनी पीजीपी फुकट वाटून टाकला. बघता बघता तो देशाबाहेर पोचला. आणि इथेच कायदा आडवा आला. अमेरिकेच्या शस्त्रास्त्रांच्या यादीत तोफा आणि रणगाड्यांच्या जोडीला सांकेतिकीकरणाचं, म्हणजे संदेशाला असं कुलूप घालण्याचं, सॉफ्टवेअरही होतं. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे संदेश फोडून लढाया जिंकलेल्या देशाला ही विद्या हातातून सोडवत नव्हती. ती भीती खरी होती, हे मान्य करायला हवं. पण ते नियम ज्या काळी झाले, तेव्हा सांकेतिकीकरणाची यंत्रं सैन्याकडे आणि वकिलातींत असायची. आता ती विद्या घरच्या संगणकावर आली होती.

१९९३ मध्ये झिमरमन यांची फौजदारी चौकशी सुरू झाली. गुन्हा शाबित झाला असता, तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख डॉलरपर्यंत दंड. त्याच वर्षी रशियात संसदेवर रणगाडे चालून आले, तेव्हा लाटव्हियातून त्यांना निरोप आला: रशियात हुकूमशाही आलीच, तर तुमचा प्रोग्रॅम लोकशाहीवाद्यांच्या उपयोगी पडेल. एकाच माणसाच्या दारात एकीकडून चौकशी, दुसरीकडून कृतज्ञता. जानेवारी १९९६ मध्ये आरोप न ठेवताच चौकशी बंद झाली. झिमरमन यांची जवळपास तीन वर्षं त्यात गेली.

पण कायद्याची खरी गाठ उलगडून दाखवली ती फिल कार्न या अभियंत्याने. १९९४ मध्ये त्यांनी सांकेतिकीकरणावरचं एक पुस्तक परराष्ट्र खात्याकडे पाठवलं. शेवटच्या पानांवर प्रोग्रॅम छापलेले होते. प्रश्न साधा: हे परदेशी पाठवता येईल का? उत्तर आलं, खुशाल पाठवा. मग त्यांनी तेच प्रोग्रॅम फ्लॉपीत भरून तोच प्रश्न विचारला. उत्तर आलं, हे शस्त्र आहे.

टंकलेखन येणारा कुणीही ती पानं पाहून ते प्रोग्रॅम पुन्हा लिहू शकला असता. कागदावर जे विचार म्हणून मोकळं आहे, ते तबकडीवर गेल्याने दारूगोळा कसं होतं? कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचा विद्यार्थी डॅनियल बर्नस्टाईन हाच प्रश्न घेऊन कोर्टात गेला. १९९६ मध्ये न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल यांनी मान्य केलं, की प्रोग्रॅमची भाषा हीसुद्धा अभिव्यक्तीच आहे.

(दृश्य: किल्ल्यांचा जुडगा, हळूहळू धूसर होत जाणारा)

या बंधनांची झळ सामान्य माणसाला कशी बसली? नेटस्केप हा त्या काळचा ब्राउझर दोन प्रकारचा निघायचा. किल्ली म्हणजे कुलूप उघडणारा गुप्त आकडा; त्यात बिट जितके जास्त, तितकं कुलूप मजबूत. अमेरिकेत १२८ बिटांची किल्ली, बाहेरच्या जगाला ४० बिटांची. ४० बिट म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी शक्यता. आकडा मोठा वाटतो, पण संगणकाला तो पुरून उरत नाही. १९९५ मध्ये फ्रान्समध्ये दामियाँ दोलिजेझ याने शंभराहून अधिक संगणक जोडून असं कुलूप आठ दिवसांत उघडून दाखवलं.

लिनक्स या मोफत संगणक-प्रणालीची डेबियन नावाची आवृत्ती बनवणाऱ्या मंडळींनी तर कुलपांची पॅकेजं, म्हणजे सांकेतिकीकरणाचे प्रोग्रॅम, वेगळ्या कप्प्यात, नेदरलँड्समधल्या सर्व्हरवर ठेवली. कप्प्याचं नावच ‘नॉन-यूएस’. अमेरिकेत बाहेरून आणायला मनाई नव्हती, अमेरिकेतून बाहेर न्यायला होती. म्हणून सगळं मुळातच बाहेर. २००० मध्ये नियम सैल झाले आणि २००२ पर्यंत त्यातली बहुतेक पॅकेजं मुख्य संग्रहात आली.

आपल्याकडेही इंटरनेट पुरवठादारांच्या परवान्यात ४० बिटांची मर्यादा होती. त्याहून मजबूत कुलूप वापरायचं तर परवानगी घ्या आणि किल्ली जमा करा, अशी अट. आणि २००१ मध्ये रिझर्व्ह बँक इंटरनेट बँकिंगसाठी किमान १२८ बिटांचा आग्रह धरत होती. ठेवीदारांचे पैसे सांभाळायचे, तर तिला दुसरं काय सांगता येणार होतं?

(दृश्य: कुलूप लावलेला दरवाजा, बाजूला अर्धवट उघडी खिडकी)

मार्च २०१५. संशोधकांच्या लक्षात आलं, की परदेशासाठी मुद्दाम कमजोर केलेली ती कुलपं लाखो वेबसाइटींवर अजून तशीच आहेत. कायदा सैल होऊन पंधरा वर्षं झाली होती, पण जुना कोड कुणी काढलाच नव्हता. वाटेत बसलेला हल्लेखोर ब्राउझरला फसवून तेच जुनं कुलूप लावायला भाग पाडू शकत होता. ते फोडायला भाड्याच्या संगणकांवर सुमारे सात तास आणि शंभरेक डॉलर पुरत होते.

तपासणीत सापडलेल्या वेबसाइटींमध्ये एक होती एनएसएची, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेची. परकी कुलपं फोडणं आणि अमेरिकेची कुलपं जपणं, ही दोन्ही कामं याच संस्थेकडे आहेत.