बसला म्हणजे जुळला असं नाही

नमस्कार श्रोतेहो.

आज कानाच्या मशीनबद्दल बोलायचं आहे. मशीन कोणतं घ्यावं, हा आजचा विषय नाही. घेतलेल्या मशीनचे सेल, नळ्या, रबरी टोप्या, फिल्टर असे जे बारीक भाग आपल्याला पुन्हा पुन्हा आणावे लागतात, ते निवडायचे कसे, एवढंच सांगणार आहे. मी श्रवणतज्ज्ञ आहे. "आजींना मशीन मानवलंच नाही हो," हे वाक्य माझ्या कानावर नेहमी पडतं. मशीन हातात घेऊन उघडलं की कितीतरी वेळा आत भलताच सेल निघतो, नाहीतर नळी दगडासारखी कडक झालेली असते. आजींचा दोष नसतो, मशीनचाही नसतो.

आधी सेल. कानाच्या मशीनच्या सेलला नंबर असतो आणि वरच्या स्टिकरला रंग असतो. १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी आणि ६७५ निळा. कागद-पेन शोधत असाल तर पुन्हा सांगते: दहा पिवळा, तीनशे बारा तपकिरी, तेरा केशरी, सहाशे पंचाहत्तर निळा. हे रंग सगळ्या कंपन्यांचे सारखेच असतात. त्यामुळे सेलची कंपनी बदलली तरी चालतं, नंबर बदललेला चालत नाही. ३१२ आणि १३ वरून पाहिले तर सारखेच रुंद दिसतात. फरक जाडीत आहे, एक ३.६ मिलिमीटर आणि दुसरा ५.४. जाड सेल पातळाच्या जागी दाबून बसवायला गेलात, तर सेलचं दार बिजागरीतून तुटतं.

आणि तो स्टिकर शोभेसाठी नसतो. त्याच्याखाली बारीक भोकं असतात. स्टिकर काढला की हवा आत शिरते आणि हवेतला प्राणवायू व आतलं जस्त मिळून वीज तयार होते. म्हणून स्टिकर काढल्यावर सेल दोन-चार मिनिटं उघडा राहू द्या, मग मशीनमध्ये घाला. वापरायच्या वेळीच स्टिकर काढा. एकदा काढलेला परत चिकटवून सेल वाचत नाही.

आता बुवांची गोष्ट सांगते. ही गोष्ट सांगितल्याशिवाय सेलचं महत्त्व पटत नाही, असा माझा अनुभव आहे.

बुवा म्हणजे आमच्या भागातले सत्तरी ओलांडलेले मृदंग वाजवणारे वारकरी. दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर त्यांची दिंडी आळंदीहून निघते आणि मृदंग बुवांच्याच गळ्यात असतो. ऐकू बरंच कमी येतं, म्हणून कानामागचं जास्त ताकदीचं मशीन आहे, ६७५ नंबरच्या सेलवर चालणारं. थाप हाताला कळते, पण पुढच्या माणसानं अभंगाची चाल कोणती उचलली, हे कानालाच कळावं लागतं. त्यासाठी मशीन.

त्या वर्षी वाल्ह्याच्या मुक्कामात सेलच्या पाकिटाची पिशवी ट्रकमधल्या सामानात कुठेतरी गेली. लोणंदला पोहोचेपर्यंत मशीनमधला सेलही संपला. दिंडीतला एक पोरगा जुना सेल घेऊन घड्याळाच्या दुकानात गेला. दुकानदारानं तो सेल हातात घेतला, आपल्या डबीतला एक शेजारी धरून पाहिला. रुंदी तीच, जाडी तीच. पोरगा चार सेल घेऊन आला. मशीनचं दार टक्‌ करून लागलं, बुवांना ऐकू आलं, सगळे खूश. दुकानदारानं काही फसवलं नव्हतं. त्यानं मनापासून माप जुळवून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी लोणंद-तरडगाव वाटेवर चांदोबाचा लिंब लागतो. तिथं माउलींचं पहिलं उभं रिंगण होतं. हजारो टाळ एकदम वाजत असतात, अश्व धावत असतात. (आणि हे सांगायलाच हवं, की तो नाद कितीही मोठा असला तरी माणसांच्या हातातून आणि गळ्यातून निघालेला असतो. लग्नाच्या वरातीत छातीत धडकी भरवणाऱ्या त्या भिंतीएवढ्या स्पीकरांशी त्याची तुलना करू नका. त्या स्पीकरांनी तरण्या पोरांचे कान जाताहेत. ते बंद व्हायला हवेत असं माझं स्पष्ट मत आहे.) तर त्या रिंगणात बुवांना काय होऊ लागलं, की थाप पडली की मशीनमधला आवाज फाटायचा. जोरात वाजवलं की पार बंद. थांबलं की पुन्हा यायचा.

बुवांची समजूत झाली, की राहिलेला कानही गेला. तरडगावच्या तळावर त्यांनी मृदंगाला गवसणी घातली आणि विणेकऱ्यांना म्हणाले, "उद्यापासून मी मागं चालतो. एखाद्या पोराच्या गळ्यात द्या." जेवलेही नाहीत.

रात्री विणेकऱ्यांचा मला फोन आला. मी विचारलं, "काका, साधं बोललेलं त्यांना ऐकू येतंय का?"

"येतंय की. हळू बोललं तरी कळतंय."

"आणि मोठा आवाज झाला की तुटतं?"

"बरोब्बर तसंच, ताई."

"सेल कधी बदलला?"

"कालच, नवा कोरा घातलाय."

"टॉर्च लावून बघा, सेलवर काय लिहिलंय?"

थोडा वेळ शोधाशोध झाली, आणि मग काका एकेक अक्षर लावत वाचू लागले, "एल... आर... चव्वेचाळीस."

श्रोतेहो, एलआर ४४ म्हणजे खेळण्यातला, कॅल्क्युलेटरमधला सेल. आकारानं अगदी ६७५ एवढा, पण आतून वेगळा. मशीनच्या ६७५ सेलमध्ये सुमारे सहाशे मिलिअँपिअर-तास एवढी वीज असते, या सेलमध्ये दीडशेच्या आसपास. शिवाय जस्त-हवेचा सेल शेवटपर्यंत विजेचा जवळपास एकसारखा दाब देतो, हा पहिल्यापासून उतरत जातो. ताकदीच्या मशीनला मोठ्या आवाजाच्या वेळी एकदम जास्त वीज लागते. मृदंगाची थाप पडली की मशीन वीज मागायचं, सेलला ती देता यायची नाही आणि आवाज तुटायचा. बुवांच्या कानाला काही झालं नव्हतं. सेल दारात बसला होता, पण मशीनला जुळला नव्हता. बसला म्हणजे जुळला असं नाही. हे आज एवढं एकच लक्षात राहिलं तरी मला चालेल.

दुसऱ्या दिवशी फलटणला एका मेडिकलमध्ये निळ्या स्टिकरचं पाकीट मिळालं. काकांनी मला फोनवर धरून ठेवलं होतं. स्टिकर काढला, थांबले, सेल घातला. बुवांनी गवसणी सोडली, कणीक लावली, दोन थापा मारल्या. मग जरा थांबून विणेकऱ्यांना म्हणाले, "विणा उतरलीय तुमची. लावून घ्या आधी." ते मी इकडे फोनवर ऐकलं. पंढरपूरपर्यंत मृदंग त्यांच्याच गळ्यात राहिला.

आणखी एक घोटाळा याच घराण्यातला. घड्याळाच्या दुकानात तुम्ही "तेरा नंबर" मागितलात, तर दुकानदार एजी १३ काढून देऊ शकतो. एजी १३ हे त्या एलआर ४४ चंच दुसरं नाव. त्याचा कानाच्या मशीनच्या केशरी १३ शी काही संबंध नाही. आणि मोल्डच्या, म्हणजे कानात बसणाऱ्या साच्याच्या, नळीलाही १३ नंबरची नळी म्हणतात, ती तिसरीच. म्हणून नुसता नंबर सांगू नका. "कानाच्या मशीनचा, केशरी स्टिकरचा, तेरा" असं पूर्ण सांगा.

बाकीचे भाग थोडक्यात घेते. सेलचे नंबर सगळ्यांचे एक, पण रबरी टोप्या आणि मळाचे फिल्टर यांचं तसं नाही. ते ज्या कंपनीचं मशीन त्याच कंपनीचे, आणि तेही त्याच मॉडेलला चालणारे घ्यावे लागतात. दुसरी टोपी ओढूनताणून चढते आणि मशीन काढताना कानातच राहते. राहिलीच, तर पिन, चिमटा घालू नका, सरळ कानाच्या डॉक्टरांकडे जा. टोपीचा प्रकारही बदलू नका: भोकांची टोपी काढून बंद टोपी घातली, तर मशीन तेच राहून आवाज वेगळा येतो. कानात जाणारा वायरचा रिसिव्हर, म्हणजे इवलासा स्पीकर, असेल तर लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या कानाची. त्याची लांबी आणि ताकद दोन्ही जुळली पाहिजे. ताकद बदलली तर मशीन संगणकाला जोडून पुन्हा लावून घ्यावं लागतं, म्हणून हे काम घरी करू नका.

मोल्डची नळी पिवळी पडली, कडक झाली, की बदला. साधारण तीन ते सहा महिन्यांत ती वेळ येते. सलाइनची नळी कापून लावलेली मी पाहिली आहे. तिची आतली पोकळी वेगळी, ती नीट धरत नाही, आवाज बाहेर गळतो आणि मशीन शिट्टी मारतं. मग घरचे आवाज कमी करून ठेवतात आणि ऐकू येत नाही ते नाहीच. खिशातल्या मशीनची वायर आणताना टोकाला दोन पिना आहेत की तीन, ते पाहा. जुनी वायर बरोबर न्या.

इथे मनातलं एक बोलते. म्हाताऱ्या माणसाला दिसू नये म्हणून इवलंसं मशीन आणि त्यात पिवळा १० नंबरचा सेल देतात, ते मला पटत नाही. थरथरत्या बोटांनी तो सेल धरायचा कसा? हातात येईल असं मशीन द्या, दिसलं तर दिसू द्या. चष्मा आपण लपवतो का? आणि मशीनबरोबर येणारी माहितीची चिठ्ठी मराठीत का नसावी? विकत घेताना मागा. मागणारे वाढले तर द्यावी लागेल.

शेवटचं, आणि हे कृपा करून घरातल्या सगळ्यांना सांगा. एका चिठ्ठीवर मशीनची कंपनी, मॉडेल, सेलचा नंबर आणि रंग, टोपीचा प्रकार आणि माप, कोणत्या कानाचं मशीन, एवढं लिहा आणि मशीनच्या डबीत ठेवा. मोबाइलमध्ये तिचा फोटो काढा. प्रवासाला जाणाऱ्यानं सेलची दोन पाकिटं दोन वेगळ्या पिशव्यांत न्यावीत. आणि वापरलेले सेल टेबलावर टाकू नका. लहान मूल ते तोंडात घालतं. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता मुलाला थेट दवाखान्यात न्या आणि सेलचं पाकीट डॉक्टरांना दाखवायला बरोबर घ्या.

नमस्कार.