झनेले मुहोली : रंग उजळवायचा नाही, गडद करायचा

हा फोटो जरा थांबून बघा. केसांत लाकडी चिमटे खोचलेत, आपण दोरीवर कपड्यांना लावतो ना तेच, कानांतही तेच, ओठ पांढरे रंगवलेत आणि चेहऱ्यावर तोरा असा की राजघराण्यातलं कुणीतरी वाटावं. 'बेस्टर १', साल २०१५. फोटो दक्षिण आफ्रिकेतले फोटोग्राफर झनेले मुहोलींनी काढलाय आणि फोटोत पण मुहोलीच आहेत.

बेस्टर हे त्यांच्या आईचं नाव. वर्णभेदाच्या काळापासून एका गोऱ्या कुटुंबाकडे या माउलीने ४० वर्षांहून जास्त घरकाम केलं, सगळा जन्म दुसऱ्यांची धुणीभांडी करण्यात गेला, आणि लेकराने त्याच चिमट्यांचा मुकुट करून तो डोक्यावर चढवला. मला तर यापेक्षा मोठा मान सुचत नाही.

मुहोलींचा जन्म १९७२चा, डर्बनजवळच्या उमलाझी टाउनशिपमधला, म्हणजे वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या ठेवलेल्या वस्तीतला. स्वतःला ते बाई किंवा पुरुष असं काही म्हणवून घेत नाहीत. फोटोग्राफी शिकले जोहान्सबर्गच्या मार्केट फोटो वर्कशॉपमध्ये. २००६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत समलिंगी लग्न कायदेशीर झालं, पण वस्त्यांमध्ये कृष्णवर्णीय लेस्बियन मुलींवर बलात्कार होतच होते, खून पडतच होते, आणि त्याच वर्षी मुहोलींनी या लोकांचे पोर्ट्रेट काढायला घेतले. या मालिकेचं नाव 'फेसेस अँड फेझेस'. कुणी बिचारं, कुणी पीडित असं नाही, सगळे सरळ आपल्या डोळ्यांत बघतात. प्रदर्शनात भिंतीवर मध्येच जागा रिकामी सोडलेली असते, जे आता हयात नाहीत त्यांच्यासाठी. २०१२ मध्ये केपटाउनच्या घरातून हार्ड डिस्क चोरीला गेल्या, कित्येक वर्षांचं काम गेलं, तरी पोर्ट्रेट थांबले नाहीत, आज ते ५००च्या वर आहेत.

आणि मग दुसरी मालिका, 'सोम्न्यामा न्गोन्यामा', झुलू भाषेत म्हणजे काळ्या सिंहिणीचा जयजयकार. यात सगळे स्वतःचेच फोटो, ब्लॅक अँड व्हाइट. फोटोत चेहरा उजळ करून द्यायचा हा जगभरचा रिवाज, मुहोली बरोबर उलटं करतात, एडिटिंगमध्ये कॉन्ट्रास्ट इतका वाढवतात की कातडी कोळशासारखी दिसते आणि डोळ्यांतलं पांढरं लखकन पुढे येतं. एका फोटोत हेल्मेट आणि गॉगल आहे, तो दक्षिण आफ्रिकेतल्या मारिकानाच्या संपावर गेलेल्या खाणकामगारांसाठी, २०१२ मध्ये पोलिसांनी गोळ्या घालून मारलेल्या ३४ जणांसाठी.

२०२० मध्ये हे सगळं काम लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये लागलं. फोटोतल्या लोकांना मुहोली 'सब्जेक्ट' म्हणत नाहीत, पार्टिसिपंट म्हणतात, आणि तरुण कृष्णवर्णीय पोरापोरींच्या हातात कॅमेरा देऊन त्यांना शिकवायचं काम पण चालूच आहे.