मास्क हनुवटीवर

(दृश्य: कोल्हापूरच्या गंगावेशीतला दूध कट्टा)

म्हशीची धार थेट ग्लासात पडतेय. भोवतीच्या गर्दीत एकच मास्क दिसतो, नाकावर घट्ट बसलेला. धार काढणारा हसतो, "मास्कातनंच पिणार व्हय, पावणं?" मास्क हनुवटीवर येतो.

मास्कवरच्या वादातला निम्मा गुंता इथेच आहे. मास्क कण अडवतो का, हा एक प्रश्न. लोकांना मास्क वापरायला सांगितलं की आजार कमी होतो का, हा दुसरा. आपण दोन्हींची खिचडी करून भांडतो.

(जवळून: एन-९५चा कापलेला थर)

हा मास्क ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किमान ९५ टक्के कण अडवतो. नुसती चाळणी नाही ही. धाग्यांवर विद्युतभार असतो, तो बारीक कण ओढून घेतो. साबणानं धुतला की भार उतरतो. कोरोनात किती घरांत हे मास्क धुऊन दोरीवर वाळत होते, आठवतंय? साध्या सर्जिकल मास्कची गोष्ट वेगळी, त्याला कडेनं फटी. चष्मेवाल्यांना हे सांगायला नको. काचेवर वाफ धरली की समजायचं, श्वास वरून निसटतोय.

आता दुसरा प्रश्न. डेन्मार्कमध्ये २०२० साली सुमारे ६,००० जणांवर मास्कच्या उपयोगाची चाचणी झाली; एका गटाला मास्क घालायला सांगितलं, दुसऱ्याला नाही. मास्क गटात १.८ टक्के बाधित, दुसऱ्या गटात २.१. एवढा फरक योगायोगानंही पडतो. शिवाय मास्कवाल्यामुळे शेजारचा वाचला का, हे त्यात मोजलंच नव्हतं.

बांगलादेशात ६०० गावं घेतली. निम्म्या गावांत मास्क वाटले, मागे लागून घालायला लावले. नीट मास्क घालणारे १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. तरी निम्म्याहून जास्त तोंडं उघडीच. सर्जिकल मास्कच्या गावांत लक्षणांसह झालेला कोरोना सुमारे ११ टक्क्यांनी घटला. कापडी मास्कचा फायदा मात्र स्पष्ट दिसला नाही.

२०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेनं ७८ चाचण्यांचा आढावा घेतला. त्यात मास्कच्या चाचण्या थोड्याच, बाकीच्या हात धुण्यासारख्या इतर उपायांच्या. मास्कनं फारसा फरक दिसला नाही, एवढंच वाचून लोकांनी 'मास्क निरुपयोगी' अशी बोंब ठोकली. शेवटी कॉक्रेनच्या मुख्य संपादकांना खुलासा करावा लागला, की निष्कर्ष ठाम नाही.

आमचं मत विचाराल, तर खोकणाऱ्या पेशंटजवळ बसायचं असेल तेव्हा नीट बसणारा एन-९५ घालावा. रंकाळ्यावर मोकळ्या वाऱ्यात फिरताना नसला तरी चालेल.

(दृश्य: पुन्हा कट्टा)

ग्लास रिकामा झाला. पावण्यांनी मिशीवरचा फेस पुसला. मास्कनंच.