फुगा साडेपाचला, सीमास्तर दुपारी

मंडळी, थंडीत सकाळी लवकर पर्वती चढलात तर खाली शहरावर धुराची चादर दिसते. तिची वरची कड आखल्यासारखी असते. ढोबळमानाने तीच आजच्या विषयाची उंची. जमिनीच्या तापण्या-निवण्याचा परिणाम जिथवर पोचतो तो सीमास्तर. आम्ही आपसात बाउंडरी लेयरच म्हणतो. शांत रात्री तो शे-दोनशे मीटरवर दबून असतो, उन्हाळी दुपारी दोन-तीन किलोमीटर चढतो. धूर कोंडणार की पांगणार, हे बरंचसं त्याच्यावर.

ही उंची दोन ठिकाणांहून कळते: संगणकावरचं हवामानाचं मॉडेल आणि यंत्रं बांधून आकाशात सोडलेला हवामानाचा फुगा. आज या दोघांचे आकडे ताडून पाहू. मॉडेल हा आकडा तासातासाला देतं. फुगा बहुतेक ठिकाणी दिवसातून दोनदाच सुटतो, जागतिक वेळेनुसार ०० आणि १२ वाजताच्या नोंदीसाठी. लंडनमध्ये हिवाळ्यात ती मध्यरात्र आणि भर दुपार. आपल्याकडे पहाटे आणि संध्याकाळी साडेपाच! सीमास्तर ऐन उंचीवर असतो, तेव्हा आपला फुगा जमिनीवर.

संध्याकाळची नोंद तर फसवीच. डिसेंबरात दिल्लीला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. जमीन निवू लागली की थर बघता बघता कोसळतो. त्यात फुगा नेमक्या साडेपाचला नाही, अर्धा-पाऊण तास आधीच सोडतात. सुरुवातीला मीही मॉडेलचा साडेपाचचा आकडा त्याच्याशी ताडून मॉडेलला नावं ठेवत होतो. मग सोडण्याची वेळ पाहिली आणि गप्प बसलो.

दुसरी मेख अशी की फुग्यावर सीमास्तर मोजणारं यंत्रच नसतं. तो तापमान, आर्द्रता, दाब, वारा सांगतो. उंची आपण काढतो. कोणी आर्द्रता एकदम घटते ती जागा धरतं, कोणी तापमानातला बदल. ‘ईआरए५’ ही युरोपीय हवामान केंद्राची, नोंदी आणि मॉडेल मिळून बनवलेली मालिका बल्क रिचर्डसन संख्या (हवेची स्थिरता आणि वाऱ्यातला फरक यांची तुलना करणारा आकडा) ०.२५ ओलांडते ती उंची घेते. एकाच फुग्यावर दोन पद्धती लावा, उत्तरात शेकडो मीटरचा फरक पडू शकतो. फुग्याला एक पद्धत आणि मॉडेलला दुसरी लावणं म्हणजे एकाची उंची पागोट्यासकट मोजायची आणि दुसऱ्याची बोडक्याने.

दुपारचा अंदाज पहाटेच्या फुग्यावरूनही काढता येतो. समजा, दुपारचं कमाल तापमान २४ अंश. वर चढणारी कोरडी हवा दर किलोमीटरला ९.८ अंश निवते, म्हणजे एक किलोमीटरवर ती १४.२ अंशांची. पहाटेच्या फुग्याने तिथे नेमके १४.२ अंशच नोंदवले असतील, तर हवा साधारण तिथवर मिसळेल. पण वर तापमान किलोमीटरला ७ अंशांनी उतरत असेल आणि कमाल तापमान एका अंशाने चुकलं, तर उंची सुमारे ३५० मीटरनी सरकते. एका अंशाला एवढी किंमत!

रात्रीच्या थराची अडचण वेगळी. फुगा सेकंदाला पाचेक मीटर चढतो. दीडशे मीटरचा थर अर्ध्या मिनिटात मागे पडतो. फुग्याच्या नोंदींच्या जुन्या संदेशांत ठरावीक दाबाच्या आणि ठळक बदलाच्या पातळ्यांचेच आकडे असत. त्यातून असा थर शोधणं म्हणजे धावत्या लोकलमधून स्टेशनची पाटी वाचणं.

आणि मुंबईचा फुगा सुटतो त्या सांताक्रूझचं काय? ‘ईआरए५’चा एक चौकोन साधारण ३१ किलोमीटरचा. मुंबईच्या किनाऱ्यावर तेवढ्यात अरबी समुद्रही येतो आणि तापलेली उपनगरंही. मॉडेल दोघांची मिळून एकच उंची सांगतं. फुगा मात्र विमानतळाजवळून सुटतो आणि वारा नेईल तिकडे जातो.