हेरवाडचा ठराव

कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्वेला, कर्नाटकच्या सीमेलगत, शिरोळ तालुक्यात हेरवाड हे गाव आहे. कृष्णा आणि पंचगंगेच्या पाण्यावर पोसलेला हा उसाचा मुलूख. येथील ग्रामपंचायतींच्या विषयपत्रिकेवर वर्षानुवर्षे तेच विषय येत राहतात: गटारे, पाणीपट्टीची थकबाकी, गावठाणातील अतिक्रमण, दिवाबत्ती, घरकुलाची यादी. 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर पंचनामे आणि नुकसानभरपाई हे विषयही त्यात आले. मे 2022 च्या पहिल्या आठवड्यात मात्र हेरवाडने जो ठराव केला, तसा ठराव महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींच्या इतिवृत्तात तोवर सहसा आढळत नव्हता.

पतीच्या निधनानंतर अंत्यविधीच्या वेळी पत्नीच्या कपाळावरचे कुंकू पुसणे, तिच्या बांगड्या फोडणे, गळ्यातील मंगळसूत्र तोडणे, पायातील जोडवी काढणे, आणि पुढे आयुष्यभर तिला हळदीकुंकवापासून, लग्नकार्यापासून, पूजेच्या मानापासून दूर ठेवणे या प्रथा आपल्या गावात बंद कराव्यात, असा तो ठराव होता. कोरोनाच्या दोन वर्षांत अनेक घरांतील कर्ते पुरुष गेले. त्यांच्या मागे राहिलेल्या स्त्रिया तरुण होत्या, त्यांची मुले लहान होती, आणि दुःखाच्या ऐन क्षणी चारचौघांसमोर त्यांच्या अंगावरचे एकेक लेणे उतरवले जाताना गावाने पाहिले होते. हे सगळे घडते ते बहुधा घरातल्याच वडीलधाऱ्या बायकांच्या हातून, आणि विरोध करण्याचे बळ त्या वेळी त्या स्त्रीत नसते. म्हणूनच कोणा एका कुटुंबाने धीर करण्यापेक्षा सबंध गावाने आधीच निर्णय घेऊन ठेवणे अधिक मोलाचे होते. ऐन वेळी 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न उभा राहिला, तर लोकांनी काय म्हटले आहे ते ग्रामपंचायतीच्या दप्तरात लिहिलेले असते.

त्या वर्षी राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षे पूर्ण होत होती. 6 मे 1922 रोजी ते गेले. त्याआधी पाच वर्षे, 1917 मध्ये, त्यांनी आपल्या संस्थानात विधवा पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता दिली होती. त्यांच्या स्मृतिशताब्दीच्या दिवसांत त्यांच्याच जिल्ह्यातील एका गावाने हा ठराव करावा, यापरते उचित स्मरण दुसरे कोणते असू शकते? हेरवाडपाठोपाठ हातकणंगले तालुक्यातील माणगावनेही तसाच निर्णय घेतला. मार्च 1920 मध्ये शाहू महाराज आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या परिषदेत एका व्यासपीठावर आले, ती परिषद याच माणगावात भरली होती. 17 मे 2022 रोजी राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून हेरवाडचा आदर्श सर्व ग्रामपंचायतींसमोर ठेवला, आणि त्यानंतर निरनिराळ्या जिल्ह्यांतील ग्रामसभांमध्ये असे ठराव होऊ लागले.

या ठरावाचे बळ किती आणि मर्यादा कोणती, हे नीट समजून घेतले पाहिजे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. ती न झाल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. त्यामुळे मोजक्या माणसांत मंजूर झालेला ठरावही कागदोपत्री पक्काच असतो. रस्त्याच्या किंवा गटाराच्या कामाला तेवढे पुरते, पण प्रथाबंदीला पुरत नाही, कारण ठराव मोडला म्हणून कोणाला शिक्षा करण्याचा अधिकार ग्रामसभेला नाही. हा ठराव पाळला जाईल तो केवळ संमतीच्या जोरावर, आणि संमती द्यायची तर माणसे, विशेषतः स्त्रिया, सभेला हजर असायला हव्यात. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. पंचायतीतील निम्म्या जागा 2011 पासून स्त्रियांसाठी राखीव आहेत. जेथे महिला सभा खरोखर भरते आणि केवळ सह्यांची वही घरोघर फिरत नाही, तेथेच हा विषय मोकळेपणाने बोलला जाऊ शकतो.

कुंकू आणि बांगड्या राहिल्या, तरी त्या स्त्रीचा रोजचा प्रश्न संपत नाही. ज्या घरात ती राहते ते ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये, म्हणजे घरांच्या करआकारणीच्या नोंदवहीत, बहुधा पतीच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असते. शेतजमिनीच्या सातबारावर वारस म्हणून तिचे नाव लागायला तलाठी कार्यालयात अर्ज करावा लागतो, आणि तो अर्ज करू नये म्हणून घरातूनच दडपण येते, ही गोष्ट गावागावांत सगळ्यांना ठाऊक असते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील कर्ता माणूस गेल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून 20,000 रुपये एकरकमी मिळतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे दरमहाचे अनुदान 2023 मध्ये 1,500 रुपये झाले. या दोन्हींसाठी मृत्यूचा दाखला लागतो, आणि गावातील मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीतच होते. म्हणजे एखादी स्त्री विधवा झाली, हे शासनाच्या दप्तरात पहिल्यांदा लिहिणारा हात गावच्या पंचायतीचाच असतो.

तेथूनच पुढचे काम सुरू होऊ शकते. मृत्यूची नोंद करताना ग्रामसेवकाने त्या घरी जाऊन योजनांचे अर्ज भरून घ्यावेत, नमुना 8 मध्ये वारस म्हणून पत्नीचे नाव लावण्याचा विषय पुढच्याच मासिक सभेत घ्यावा, आणि सातबाराच्या वारसनोंदीचे काय झाले याची विचारणा प्रत्येक ग्रामसभेत व्हावी. यासाठी नवा कायदा लागत नाही आणि पंचायतीच्या तिजोरीवर फारसा भारही पडत नाही. ज्या गावांनी प्रथाबंदीचा ठराव केला आहे, त्यांनी त्याच ठरावाला ही तीन कलमे जोडून घ्यावीत, आणि ज्यांनी अद्याप केलेला नाही, त्यांनी येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर ती पहिल्याच मसुद्यात घालावीत.