दोन विद्याशाखांचा प्राध्यापक

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, कायदा आणि जैवविज्ञान या दोन्ही विषयांचे अध्यापन करू इच्छिणाऱ्यांसाठी विद्यापीठांनी संयुक्त पदे का निर्माण करावीत, हे सांगण्याचे मी संयोजकांना कबूल केले आहे; पण त्याआधी थोडी तक्रार करू द्या. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. आणि नंतर एलएल.एम. केलेल्या माझ्यासारख्याचे संशोधन नक्की कुठे धरायचे, हा निवड समित्यांचा लाडका प्रश्न असतो. एका विद्यापीठात (नाव घेत नाही, तिथली मंडळी सभागृहात दिसत आहेत) विधी विभागाने माझे जिवाणूंवरचे शोधनिबंध वगळून गुण मोजले, जीवशास्त्र विभागाने कायद्यावरचे वगळले, आणि दोन्ही वजाबाक्यांनंतर माझ्या हाती प्रवासखर्च तेवढा उरला, तोही दुसऱ्या वर्गाचा.

अशा माणसाची गरज कुठे पडते, ते आनंद मोहन चक्रवर्ती यांच्या खटल्यात दिसते. जनरल इलेक्ट्रिकमध्ये असताना त्यांनी खनिज तेलातील वेगवेगळे घटक पचवण्याची क्षमता देणारे प्लाझ्मिड (जिवाणूतील डीएनएची सुटी वर्तुळे) एकाच स्यूडोमोनास जिवाणूत आणले आणि 1972 मध्ये अमेरिकेत पेटंटसाठी अर्ज केला. परीक्षकाने जिवाणू तयार करण्याची पद्धत मान्य केली, पाण्यावर तरंगणाऱ्या पेंढ्यासारख्या वाहकावर चढवलेला जिवाणूही मान्य केला. नुसता जिवाणू मात्र सजीव आणि निसर्गनिर्मित म्हणून नाकारला. म्हणजे पेंढ्यासकट चालतो, पेंढ्याविना नाही! (हसलात, हे बरे झाले, माझे विद्यार्थी इथे परीक्षेची तारीख विचारतात.) 1980 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी चक्रवर्तींच्या बाजूने निकाल दिला. सजीव की निर्जीव हा भेद तिथे निर्णायक ठरला नाही. जिवाणू मानवनिर्मित आहे का, हे महत्त्वाचे ठरले. पुढे 2002 मध्ये कोलकाता उच्च न्यायालयानेही डिमिनाको या कंपनीच्या प्रकरणात, अंतिम उत्पादनात जिवंत विषाणू आहे एवढ्यावरून लस तयार करण्याच्या प्रक्रियेचे पेटंट नाकारता येणार नाही, असे ठरवले.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ मुद्दा भरभर मांडतो. नव्या जिवाणूचे नुसत्या शब्दांत पुरेसे वर्णन करता येत नसेल आणि तो लोकांना उपलब्ध नसेल, तर भारतीय पेटंट कायद्यानुसार अर्जाच्या तारखेपर्यंत तो सूक्ष्मजीवांच्या मान्यताप्राप्त संग्रहात जमा करावा लागतो. चंदीगडप्रमाणे आपल्या पुण्यातही असा संग्रह आहे. गोठवून सुकवलेल्या जिवाणूंची ती बोटभर काचेची कुपी हा कायद्याच्या दृष्टीने अर्जाचाच भाग असतो, आणि भारतातील जैविक सामग्री वापरली असेल तर तिचा स्रोतही सांगावा लागतो. संशोधकाला ही मुदत ठाऊक नसते, वकिलाला कुपीत काय आहे ते ठाऊक नसते, आणि दोघांना एका वर्गात बसवून शिकवणाऱ्यासाठी पद नसते. म्हणून विधी आणि जीवशास्त्र विभागांनी मिळून एक पद निर्माण करावे, त्याची निवड समिती संयुक्त असावी आणि पदोन्नतीच्या वेळी दोन्हीकडचे शोधनिबंध पूर्ण धरावेत. सेवाज्येष्ठता कोणत्या विभागात मोजायची, यावर माझ्याकडे चार पानांचे टिपण आहे. ते चहाच्या वेळी वाचून दाखवीन.